‘ग्रीटिंग्ज’ : वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात या सदरात अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पहिल्यावहिल्या अल्बमवर लिहिलं होतं. ‘ग्रीटिंग्ज फ्रॉम ॲस्बरी पार्क, एन. जे.’, कोलंबिया रेकॉर्ड कंपनी, ५ जानेवारी १९७३, नऊ गाणी, सदतीस मिनिटं. लेखाच्या खाली ‘तुम्हाला हा अल्बम कसा वाटला ते कळवा’ अशी ओळ संपादकांनी आपल्या मनानं जोडली. त्यामुळे यावेळी पत्रांचा पाऊस आहे. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून सारखी सारखी होती ती बाजूला ठेवली.

नव्या वाचकांसाठी सांगते, नारायण पेठेत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन जायचं, आम्ही रेकॉर्डवरून गाणी उतरवून द्यायचो. कायद्यात हे कुठे बसत होतं ते कृपा करून विचारू नका. माझी मतं त्या काउंटरमागे तयार झाली आहेत, एवढं लक्षात घेऊन पुढचं वाचा.

प्रश्न : ताई, मी १९८४चा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ आणि १९७५चा ‘बॉर्न टू रन’ आधी ऐकले आणि मग मागे मागे येत पहिल्या अल्बमपर्यंत पोचलो. ऐकल्यावर वाटलं, हा दुसराच कुणीतरी आहे. शब्द एकावर एक कोंबलेले आणि ड्रम तर पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखे. माझे दोन मित्र मात्र याला डोक्यावर घेतात. त्यांना तो खरंच आवडतो, की आवडायला हवा म्हणून आवडतो?
— सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, कोथरूड

दोन्ही जातीचे लोक असतात आणि तुमचे मित्र कोणत्या जातीचे ते मला इथून कसं कळणार? पण आलेल्या पत्रांत एक गोष्ट ठळक दिसली. कुणी कोणता अल्बम आधी ऐकला, यावर त्याचं मत जवळजवळ ठरून जातं. तुमच्यासारखे १९८४कडून मागे आलेले लोक ‘ग्रीटिंग्ज’मध्ये मोठा ड्रम आणि स्टेडियमभर घुमणारा आवाज शोधतात. तो तिथे नाही, म्हणून हिरमुसतात. गीतकार-गायक बॉब डिलनकडून पुढे आलेले लोक शब्दांवर खूश असतात, पण ‘हे सगळं आधी ऐकलंय’ अशी कुरकुर करतात. कोलंबियानं जाहिरातीत त्याला ‘नवा डिलन’ करून टाकलं होतं, तेव्हा ही कुरकुर कंपनीनंच ओढवून घेतली म्हणायची.

ड्रमबद्दल मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. हे रेकॉर्डिंग न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लॉव्हेल्ट गावी ‘९१४ साउंड’ नावाच्या स्टुडिओत झालं. माइक ॲपेल आणि जिम क्रेटेकोस हे निर्माते. पैसे वाचवायचे होते आणि ते वाचवलेले ऐकू येतात. आमच्या दुकानात ही रेकॉर्ड कॅसेटवर घेताना लेव्हलचे काटे नेहमीपेक्षा वर आणावे लागत आणि तरी बास कुठे दडून बसलाय असंच वाटे.

मात्र आवाज सुटासुटा लागण्यामागे स्टुडिओपलीकडचंही एक कारण आहे. कोलंबियातल्या जॉन हॅमंड या जाणत्या माणसानं १९७२च्या मे महिन्यात स्प्रिंगस्टीनला पहिल्यांदा ऐकलं. डिलनला कोलंबियात आणणारे हे तेच हॅमंड. त्यांच्यासमोर बावीस वर्षांचा एक मुलगा एकटा गिटार घेऊन बसला होता. साहजिकच त्यांना वाटलं, हा एकट्यानं गाणारा. मुलगा मात्र न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बारमध्ये वर्षानुवर्षं बँड घेऊन वाजवत आलेला. त्याला बँड हवा होता, त्यांना एकटा गायक. शेवटी थोडं हे, थोडं ते असं झालं आणि ती तडजोड पूर्ण अल्बमभर जाणवते. काही गाण्यांत पुरा बँड वाजतो, तर काहींत बँड खोलीबाहेर उभा केल्यासारखा गप्प असतो.

त्यातली गंमत पुढेच आहे. अल्बम तयार म्हणून कंपनीच्या हाती दिल्यावर प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस म्हणाले, यात रेडिओवर चालेल असं एकही गाणं नाही. मग स्प्रिंगस्टीननं आणखी दोन गाणी लिहिली, ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ आणि ‘स्पिरिट इन द नाइट’. या दोन गाण्यांत क्लॅरन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन आला. साहेबांनी हट्ट धरला नसता तर पुढे चाळीस वर्षं ज्या सॅक्सोफोनवर लोक जीव टाकणार होते, तो पहिल्या अल्बमवर आलाच नसता. कंपनीच्या माणसानं कलाकाराच्या कामात ढवळाढवळ केली की आपण नाक मुरडतो. इथे मुरडायला जागा नाही.

‘दुसराच कुणीतरी’ हे मात्र मला पटत नाही. ‘लॉस्ट इन द फ्लड’ पुन्हा ऐका. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, पाच मिनिटांच्या वर. सुरुवातीला गडगडाट ऐकू येतो, तो स्टीव्ह व्हॅन झांटनं ॲम्प्लिफायरशी खेळून काढलेला आवाज आहे. स्प्रिंगस्टीनच्या शाळकरी बँडचा ड्रमर १९६७ साली व्हिएतनाममध्ये मारला गेला होता. या गाण्यात लढाईवरून एक जण गावी परत येतो आणि गावच भेलकांडलेलं असतं. ‘ग्रीटिंग्ज’नंतर अकरा वर्षांनी ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या तुमच्या आवडत्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात तोच परतलेला शिपाई आहे. तोवर शब्द कमी झाले आणि ड्रम मोठा झाला, एवढंच. माणूस तोच आहे हो.

प्रश्न : काकू, ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ला काही अर्थ आहे का? माझा मोठा भाऊ म्हणतो, यमकाच्या डिक्शनरीतून शब्द उचलून चिकटवलेत. मला गाणं आवडतं, पण वाद घालताना माझ्याकडे मुद्दाच नसतो.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कर्वेनगर

तुझ्या भावाची माहिती बरोबर आहे. त्या दिवसांत हा गृहस्थ यमकांचा कोश जवळ बाळगून लिहीत होता, हे त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे. आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? आपल्याकडे वामन पंडिताला ‘यमक्या वामन’ म्हणायचे आणि तरी ‘सुश्लोक वामनाचा’ हे प्रशस्तिपत्रक त्यालाच मिळालं. यमकाचं वेड लागलेला कवी वाईटच असतो, असा नियम मराठीत तरी कुणाला सिद्ध करता येणार नाही.

आता अर्थाचं. २००५ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्यानं हे गाणं ओळ-ओळ उलगडून सांगितलं. पहिल्याच ओळीत वेडे ड्रमवाले येतात, तो त्याच्या बँडचा ड्रमर व्हिनी लोपेझ. त्याचं टोपणनावच ‘मॅड डॉग’ होतं. पुढे उन्हाळ्यातले ‘इंडियन्स’ येतात. त्यांचा आपल्याशी संबंध नाही आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशीही नाही, लहानपणीच्या त्याच्या बेसबॉल संघाचं ते नाव. पोरवयातला मुत्सद्दी येतो तो गायक स्वतः. म्हणजे शब्द कोशातून आले असले तरी माणसं गल्लीतली आहेत. भावाला एवढं सांगितलंस तरी पुरे.

आणखी एक हत्यार देते. हेच गाणं मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडनं गायलं आणि १९७७च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. स्प्रिंगस्टीनचा स्वतःचा आवाज एकट्यानं त्या क्रमांकावर कधीच पोचला नाही. १९८४ साली तो दुसऱ्यापर्यंत गेला. अर्थहीन म्हणून हिणवलेलं गाणं त्याचं सगळ्यात यशस्वी गाणं ठरावं आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून, याला काय म्हणणार? त्या बँडनं धृपदातले शब्दही थोडे बदलले. त्यात ‘ड्यूस’ येतो, म्हणजे १९३२ची फोर्ड गाडी, पण ऐकणाऱ्यांच्या कानाला भलतंच काहीतरी ऐकू आलं. ते भलतं काय, ते या मासिकात छापता येणार नाही. भाऊ सांगेल.

मात्र वादात हेही कबूल कर की गाण्यात शब्द जास्त आहेत. ‘रोलिंग स्टोन’ या संगीताच्या नियतकालिकात १९७३ साली लेस्टर बँग्जनं या अल्बमचं परीक्षण लिहिलं, ते कौतुकाचं होतं आणि कौतुक मुख्यतः या शब्दांच्या भडिमाराचंच होतं. तुला जे आवडतं आणि तुझ्या भावाला जे खटकतं, ती एकच गोष्ट आहे. असे वाद मिटत नसतात आणि जेवणाच्या टेबलावर घालायला तेच उत्तम.

प्रश्न : आपला लेख वाचून मुलाकडून हा अल्बम ऐकवून घेतला. मला इंग्रजी गाण्यातलं फार कळत नाही. त्यातली दोन संथ गाणी मला सर्वांत आवडली, ‘मेरी क्वीन ऑफ आर्कान्सॉ’ आणि ‘दि एंजल’. मुलगा म्हणाला, आई, नेमकी तीच दोन सगळे जण पुढे ढकलतात. माझा कान कच्चा आहे का?
— निवृत्त शिक्षिका, सहकारनगर

बाई, तुमचा कान तुमचा आहे आणि तो उत्तम असणार. पण मुलगा म्हणतो तेही खरं आहे. या अंकासाठी आलेल्या पत्रांत तक्रारीचा सूर जिथे जिथे होता, तिथे याच दोन गाण्यांची नावं आली. एका वाचकानं तर लिहिलंय की ही दोन काढली तर अल्बम तीस मिनिटांच्याही आत येतो आणि तरी तो जास्त मोठा वाटतो.

माझं मत सांगते. ‘मेरी क्वीन’ मला जमलं नाही. सव्वापाच मिनिटं एकटी गिटार, अधूनमधून माउथऑर्गन, आणि गायक अशा एका दुःखाबद्दल ओरडतो आहे की जे त्याला अजून झालेलं नाही. हेच गाणं हॅमंडसाठी केलेल्या १९७२च्या चाचणीतही त्यानं गायलं होतं. ते रेकॉर्डिंग १९९८च्या ‘ट्रॅक्स’ या संचात सुरुवातीलाच आहे. मुलाला सांगून ते नक्की ऐका. तिथे एक नवखा मुलगा मोठ्या माणसासमोर परीक्षा देतो आहे हे ठाऊक असतं, म्हणून त्याच गाण्यातला तोच ताण खरा वाटतो. अल्बमवर तो उसना वाटतो.

‘दि एंजल’बद्दल मात्र मी तुमच्या बाजूची. हे गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं आहे, एका मोटरसायकलस्वाराबद्दल, बरोबर पियानो. शेवटी शेवटी उभा बास येतो, गजानं वाजवलेला. तो रिचर्ड डेव्हिस या जॅझमधल्या थोर वादकाचा. सारंगी ऐकलेल्या माणसाला ही जागा लगेच सापडते. तुम्ही आयुष्यभर संथ चाल ऐकत आलात, म्हणून तुमचं लक्ष तिथे गेलं. मुलगा ढोलकी कधी सुरू होते याची वाट पाहत बसला असणार. गायकानंही हे गाणं कार्यक्रमात फारसं गायलेलं नाही. २२ नोव्हेंबर २००९ रोजी बफेलो शहरात त्यानं हा पूर्ण अल्बम पहिल्या गाण्यापासून नवव्यापर्यंत सादर केला, तेव्हा तेही आलं. क्लेमन्स त्या बँडबरोबर पूर्ण कार्यक्रम वाजवायला उभा राहिला तो तिथे शेवटचा. २०११ साली तो गेला.

मुलाला एक उलट प्रश्न विचारा, की ‘फॉर यू’मध्ये त्याला काय ऐकू येतं? तिथे ड्रम आहे, वेग आहे, त्याला आवडत असणारच. पण गाण्यातली मुलगी रुग्णवाहिकेत आहे, तिनं स्वतःला संपवायचा प्रयत्न केलेला आहे आणि गाणारा धापा टाकत तिच्याशी भांडतो आहे, की तिला जागं ठेवतो आहे, नक्की सांगता येत नाही. माझ्या लेखी पूर्ण अल्बममधलं हे सर्वांत उत्तम गाणं. त्याच माणसानं पुढे कार्यक्रमांत हे एकट्यानं पियानोवर संथ करून गायलं. तसं ऐकवलंत तर तुमचं दोघांचं जमेल.

प्रश्न : सवाई गंधर्व महोत्सवाच्या गावातून निघणाऱ्या मासिकानं कुठल्याशा अमेरिकन गायकाच्या फसलेल्या पहिल्या अल्बमवर चार पानं खर्च करावीत, याचं कारण कळेल काय?
— एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ

चार नव्हे, अडीच. उरलेल्या दीड पानावर पापडाची जाहिरात होती.

‘फसलेला’ हा शब्द मात्र हिशेबाला धरून आहे. पहिल्या वर्षात या अल्बमच्या साधारण पंचवीस हजार प्रती खपल्या आणि अमेरिकेसारख्या देशात ते काहीच नाही. १९७५ साली ‘बॉर्न टू रन’ गाजला, ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी त्याला मुखपृष्ठावर घेतलं, तेव्हा लोक मागे वळून जुने अल्बम शोधायला लागले आणि ‘ग्रीटिंग्ज’ खपाच्या यादीत साठाव्या जागेपर्यंत चढला. पुण्यात पहिल्या बैठकीला रिकाम्या सतरंज्या पाहिलेले कलाकार पुढे कुठे पोचले, हे सदाशिव पेठेला मी काय सांगू?

आणि तुमच्या माहितीसाठी, माझ्या दुकानाचं भाडं पंडितजींच्या अभंगवाणीनं भरलं. स्प्रिंगस्टीनच्या जिवावर बसले असते तर दुकान पहिल्याच गणपतीत बंद झालं असतं.

प्रश्न : माझ्याकडे ऐंशीच्या दशकात पुण्यात भरून घेतलेली नव्वद मिनिटांची कॅसेट होती. एका बाजूला ‘ग्रीटिंग्ज’, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षीचा दुसरा अल्बम. परवा मुलीनं फोनवर दुसरा अल्बम लावला आणि शेवटचं गाणं माझ्या माहितीपेक्षा पुढे चालूच राहिलं! आणि मूळ मुद्दा : दोन्हीत सरस कोणता?
— पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त, मुक्काम पाषाण

तुमचं पत्र वाचून मी मोठ्यानं हसले. काय झालं ते सांगते.

नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, चांगल्या कंपनीची असेल तर वर थोडी शिल्लक. ‘ग्रीटिंग्ज’ सदतीस मिनिटांचा, एका बाजूला आरामात बसतो. दुसरा अल्बम, ‘द वाइल्ड, दि इनोसंट अँड द ई स्ट्रीट शफल’, नोव्हेंबर १९७३चा, सत्तेचाळीस मिनिटांच्या आसपास. तो एका बाजूला मावत नाही. शेवटचं ‘न्यूयॉर्क सिटी सेरेनेड’ जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं, डेव्हिड सॅन्शसच्या पियानोनं सुरू होतं आणि पुढे व्हायोलिनचा ताफा येतो. भरणाऱ्यानं रेकॉर्ड लावली, बटण दाबलं आणि तो चहाला गेला. फीत संपली, मशिनचं बटण खटकन वर आलं, गाणं रेकॉर्डवर चालूच. तुम्ही इतकी वर्षं तो खटका म्हणजेच गाण्याचा शेवट समजत होतात.

ती कॅसेट माझ्या दुकानातली नव्हे, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आमची पद्धत वेगळी होती. पहिल्या बाजूला ‘ग्रीटिंग्ज’ संपल्यावर आठएक मिनिटं उरत. पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोरी फीत खपत नाही, त्यानं पैसे नव्वद मिनिटांचे मोजलेले असतात. म्हणून दुसऱ्या अल्बमचं साडेचार मिनिटांचं पहिलं गाणं त्या उरलेल्या जागेत घ्यायचं आणि बाकी सहा गाणी दुसऱ्या बाजूला. मग शेवट कापला जात नाही. अडचण एकच, अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून पडलं ते गाणं भलत्या बाजूला जाई. ते कव्हरच्या आतल्या कागदावर बाण काढून लिहून द्यावं लागे. एका गिऱ्हाइकानं त्या बाणावरूनही भांडण काढलं होतं, पण तो विषय वेगळा.

सरस कोणता, यावर पत्रांत सरळ दोन तट आहेत. दुसऱ्या अल्बमकडे ‘रोझलिटा’ आहे, लांब पसरलेली गाणी आहेत, बँड मोकळा वाजतो. स्टुडिओ तोच, निर्माते तेच, ड्रमवर तोच व्हिनी लोपेझ आणि बासवर तोच गॅरी टॅलेंट. डॅनी फेडेरिचीचा ऑर्गन नव्यानं आला. काही महिन्यांत एवढा फरक कशानं पडला? एकट्या गायकाचा हट्ट मागे पडला आणि त्याला हवा होता तसा बँड मिळाला, यानंच. बँडला तेव्हा नावही नव्हतं. बेलमार गावातल्या ई स्ट्रीटवर सॅन्शसच्या आईचं घर होतं, तिथून ते पुढे आलं.

मी दुसऱ्याच्या बाजूनं मत देते. तरीही रात्री हेडफोन लावून एकटी बसले की हात पहिल्याकडे जातो. त्याचं समर्थन मला करता येणार नाही आणि करायचंही नाही.

प्रश्न : या गायकाला ‘हार्टलँड रॉक’वाला म्हणतात. हार्टलँड म्हणजे अमेरिकेचा मधला शेतीवाडीचा, कारखान्यांचा भाग ना? मग समुद्रकिनाऱ्यावरच्या न्यू जर्सीचा माणूस त्यात कसा आला?
— भूगोलाचा शिक्षक, हडपसर

नकाशा घेऊन बसलात तर तो येत नाहीच. मिशिगनचा बॉब सीगर येतो, इंडियानातल्या सेमूर गावचा जॉन मेलनकॅम्प येतो. फ्लॉरिडाच्या टॉम पेटीलाही लोक याच यादीत घालतात आणि फ्लॉरिडाला मध्यभाग म्हणायचं तर तुम्ही मला वर्गाबाहेर उभं कराल. हे नाव ऐंशीच्या दशकात रूढ झालं. कष्टकरी माणसं, लहान गावं, बंद पडणाऱ्या गिरण्या, सरळ गिटार, अशा गाण्यांना ते चिकटलं. स्प्रिंगस्टीनच्या बाबतीत ते १९७८नंतरच्या अल्बमना लागू पडतं. ‘ग्रीटिंग्ज’मध्ये कारखाना जवळजवळ नाहीच. तिथे किनाऱ्यावरची जत्रा आहे, कॅथलिक शाळेतला बंडखोर पोरगा आहे, तळ्याकाठी रात्र काढणारं टोळकं आहे, मॅनहॅटनमधून जाणारी बस आहे. ‘हार्टलँड’ ऐकायचं म्हणून कुणी या अल्बमनं सुरुवात केली तर तो चुकीच्या थांब्यावर उतरला.

थोडक्यात उत्तरं

*वारजे* : हो, तो भारतात येऊन गेला आहे. ३० सप्टेंबर १९८८, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, ॲम्नेस्टीचा मानवाधिकारांसाठीचा दौरा. स्टिंग, पीटर गेब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि यूसू एन्दूर बरोबर होते.

*औंध* : डेव्हिड बोवीनं या अल्बममधली दोन गाणी सत्तरच्या दशकातच रेकॉर्ड केली होती, ‘ग्रोइंग अप’ आणि ‘इट्स हार्ड टू बी अ सेंट इन द सिटी’. बाहेर आली बऱ्याच वर्षांनी. दुसरं जरूर ऐका, मात्र मूळ गाणं ऐकल्यानंतर.

*बिबवेवाडी* : नाही, मी घरी बोलावून रेकॉर्ड ऐकवत नाही. सोसायटीत आधीच तक्रार आहे.

प्रश्न : मला हा अल्बम रेकॉर्डवरच हवा आहे. पुण्यात जुनी प्रत मिळेल का? घेताना काय पाहायचं?
— ग्राफिक डिझायनर, कसबा पेठ

मिळेलच असं सांगत नाही, पण बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारत जा. इंग्रजी रेकॉर्डी नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळं यांच्या शेजारी पडलेल्या असतात. नवी छापलेली प्रत विकत घेणं सोपं आहे आणि नुसतं ऐकायचं असेल तर तीच घ्या. तुम्ही डिझायनर आहात, म्हणजे तुमचा जीव कव्हरवर असणार. ते आहेही तसंच. ॲस्बरी पार्कचं मोठ्या अक्षरांचं पर्यटनाचं पोस्टकार्डच पुढे छापलंय. नव्या गायकाचा चेहरा पुढे नसणं, हे कंपनीनं कसं मान्य केलं कोण जाणे. मागची बाजू पोस्टकार्डाच्या पाठीसारखी आहे आणि तिकिटाच्या जागी त्याचा फोटो.

जुनी प्रत हातात घेतली की आधी ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. पोक आला असेल तर लगेच दिसतो आणि पोक आलेली रेकॉर्ड फुकट मिळाली तरी घेऊ नका. मग उन्हाकडे तिरकी करा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, पण नखाला लागणारा ओरखडा म्हणजे त्या जागी सुई उडी मारणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढुरक्या रेघा बऱ्याच असतील तर ती खूप वाजलेली आहे. आपल्या हवेत पावसाळ्यात बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसतात. त्यांना घाबरू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकून मऊ कपड्यानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा, लेबल भिजू देऊ नका, नंतर नुसत्या पाण्यानं पुसून उभी वाळवा. आतलं कागदी पाकीट जुनंच असेल तर बदला, बुरशी त्यातूनच परत येते. आणि ठेवायची उभी, एकावर एक रचायची नाही.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देण्याआधी कव्हरमधून रेकॉर्ड बाहेर काढून लेबलवरचं नाव वाचा. त्या बाजारात कव्हर एक आणि आत रेकॉर्ड दुसरीच, हे रोजचं आहे आणि घरी गेल्यावर परत आणलेली कुणी घेत नाही.